आबोलीला निरोप कोणी दिला?

१

यंत्र कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस. हे वचन निलेश परुळेकरने स्वतः रचून, छापून, लॅमिनेट करून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं होतं. लॅमिनेट करताना आत एक मुंगी सापडली होती. ती त्या वचनाच्या मधोमध कायमची चिकटून बसली होती.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी या वचनासमोर भाऊराव येऊन उभे राहिले. भाऊराव म्हणजे मुलुंड पूर्वेच्या आबोली सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी मोबाइल चष्म्यापासून हातभर लांब धरला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "'प्रिय सभासद, आपलं पोर्टल बंद करण्यात आलं आहे. आपल्याबरोबर काम करताना आनंद झाला. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' कसली वाटचाल? रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. घराघरात हा मेल गेलाय. विरोधी गट जिन्यात पेढे वाटतोय, सल्लागार पळाला म्हणून."

ऑफिस भांडुपच्या एका औद्योगिक गाळ्यात होतं. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात सोसायट्यांना सल्ला देणं हा धंदा. प्रत्येक सोसायटीला एक पोर्टल मिळे: नकाशे, संमतिपत्रं, सभांची इतिवृत्तं, सगळं एका जागी. पूर्वी एकेक पोर्टल श्रुतिका हाताने बांधायची आणि त्यात तिचे दोन-दोन दिवस जायचे. मग निलेशने 'द्वारपाल' बनवला. काँप्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, सोसायटीचं नाव द्यायचं, एंटर. चहा येईपर्यंत पोर्टल उभं, पासवर्ड रवाना, स्वागताचा मेल घरोघर. बंद करायलाही एकच ओळ. माणसं जोडणं, काढणं, रजेचे अर्ज मंजूर करणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं, हे सगळं पुढे द्वारपालच करू लागला. रोज सकाळी तो साहेबांना एक अहवालही पाठवी, कालच्या दिवसात पोर्टलांना किती जणांनी भेट दिली त्याचा. आकडा बहुधा एक असे. निलेश त्याला 'स्थिर वाचकवर्ग' म्हणे.

द्वारपालाचा त्याला विशेष अभिमान होता तो एका गोष्टीचा. इतर अवजारं काही पुसण्याआधी 'नक्की ना?' विचारतात आणि तुमच्याकडून 'हो' टाइप करून घेतात. निलेशला त्याचा कंटाळा. द्वारपालात नुसतं एंटर दाबलं की होकार.

"परुळेकर, पोर्टल परत येईल?" केबिनमधून बाहेर येत चंद्रप्रकाश साहेबांनी विचारलं.

"आलं पण, साहेब. एका ओळीचं काम."

"पोर्टल आलं हो," भाऊराव म्हणाले, "आमची शोभा झाली तिचं काय? मला नाव पाहिजे. रविवारी सभेत उभं राहून सांगणार, अमक्याने केलं. नाव नसेल तर तुमचं काम दुसऱ्याला."

"संध्याकाळपर्यंत नाव मिळेल," साहेब म्हणाले, आणि निलेशकडे पाहिलं.

निलेशने द्वारपालाची नोंद उघडली. आबोलीचं पोर्टल बुधवारी संध्याकाळी बंद झालं होतं, ऐन आरतीत. ते बंद झालं होतं खुद्द निलेशच्या लॅपटॉपवरून. आणि त्या वेळी तो लॅपटॉप चौरंगावर होता, झेंडूच्या माळेत, आणि सगळं ऑफिस त्याच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत उभं होतं.

२

बुधवारी खंडेनवमी होती. गाळ्याच्या मूळ मालकाच्या काळात इथे पान्ह्यांची आणि लेथची पूजा व्हायची. आता लॅपटॉपची होते. निलेश लॅपटॉप मिटून ठेवणार होता, पण साहेबांनी अडवलं होतं. "तलवार म्यानात ठेवून पूजतात का कुणी? उघड तो. आणि ती काळी खिडकी दिसू दे. तेच आपलं शस्त्र." हाक आली तेव्हा निलेश काम संपलेल्या यशोधन सोसायटीचं पोर्टल बंद करायला बसला होता. सोसायट्यांची यादी नुकती समोर उघडली होती. ती तशीच ठेवून त्याने लॅपटॉप उचलून दिला होता.

आता त्याने तो नीट न्याहाळला. दोन गोष्टी सापडल्या. पहिली, काळी खिडकी रिकाम्या ओळींनी भरलेली होती. वर सरकवत जा, ओळींवर ओळी, सगळ्या कोऱ्या. दुसरी, एंटरच्या बटणावर कुंकू होतं.

रिकाम्या ओळींचा अर्थ त्याने तिथल्या तिथे लावला. गुन्हेगाराने आपली आज्ञा पडद्याबाहेर ढकलायला एंटर बडवत नेलं. धूर्त माणूस. कुंकवाचा अर्थ त्याहून सोपा होता. त्याने सुलक्षणाताईंना बोलावलं.

सुलक्षणाताई ऑफिसचा कारभार बघत. पूजा त्यांनीच मांडली होती. त्यांची बहीण आबोलीत राहते आणि बहिणीचा नवरा विरोधी गटात आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"एंटरला कुंकू कुणी लावलं, ताई?"

"मीच. सगळ्या बटणांना कुठे लावत बसू? मोठं दिसलं त्याला लावलं. का, त्याला चालत नाही?"

"पेढे वाटणाऱ्यांत तुमचे मेव्हणे होते."

"तो मयताला पण पेढे वाटेल. माझ्यावर येतोयस होय रे? माझ्या हातात आरतीचं तबक होतं. एक हात तबकाला, एक पदराला. तिसरा देवीला असतो, मला नाही."

"तुम्ही चौरंगाच्या सगळ्यात जवळ होतात."

"असणारच. तो तांब्या डुगडुगत होता मेला. आरती सुरू व्हायला आणि नारळ घरंगळायला एकच गाठ. तेव्हा तूच तर..."

"ताई, विषयाला धरून बोला."

"राहिलं," म्हणून सुलक्षणाताई गप्प झाल्या. त्या दिवसात त्या पुन्हा निलेशशी बोलल्या नाहीत.

३

श्रुतिकाचं कारण तर उघड होतं. द्वारपालाने तिचं काम खाल्लं होतं. आता तिच्याकडे पोर्टलांचे रंग ठरवणं उरलं होतं, आणि साहेबांना फक्त भगवा आवडे.

"मी केलं असतं तर एकच का बंद केलं असतं, सर?" ती म्हणाली. "सगळी नसती का केली? हाताने बांधायला मला परत काम मिळालं असतं."

हे निलेशला पटलं. नेमकी आबोलीच का, हा प्रश्न तेवढा राहिला.

"आणि मी तर व्हिडिओ काढत होते," श्रुतिका म्हणाली. "सगळे होते त्यात. धम्मपाल सोडून."

धम्मपाल. निलेशच्या शेजारच्या टेबलावरचा, त्याच्याच वयाचा, सोसायट्यांच्या सभा सांभाळणारा. प्रत्येक पोर्टलाच्या तळाशी 'संपर्क: धम्मपाल' असं असे. पाच-सहा वर्षं दोघं एकाच डब्यातून एकमेकांची भाजी खात आले होते.

"तो कुठेय?"

"सोमवारपर्यंत रजेवर. नागपूरला गेलाय ना, दीक्षाभूमीला. दरवर्षी जातो."

दरवर्षी. निलेशला हे ठाऊक नव्हतं. त्याने फोन लावला. बंद.

मग त्याला गेल्या महिन्यातली आबोलीची बैठक आठवली. भाऊरावांनी धम्मपालला आडनाव विचारलं होतं. "धम्मपाल म्हटलं तरी चालेल," तो म्हणाला होता. "चालेल हो, पण पुढे काय?" असं भाऊरावांनी हसत हसत तीनदा विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी 'दुसरा माणूस पाठवा' असा निरोप आला. निलेश त्या बैठकीत होता. तो तेव्हा फोनमध्ये बघत होता. फोनमध्ये काही नव्हतं.

राग धरायला जागा होती, तर. आणि चौरंगाजवळ न जाता त्या लॅपटॉपमध्ये लांबून शिरायचा पासवर्ड जगात दोघांकडेच होता. एक निलेश, तो आरतीत टाळ्या वाजवत होता. दुसरा आरतीत नव्हता.

कोडं असं सुटलं की निलेशला स्वतःच्या बुद्धीचा थोडा आदर वाटला.

४

"खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"दुसरं कुणी असूच शकत नाही. तूर्त मी त्याचा प्रवेश बंद करतो, साहेब. खबरदारी म्हणून. बोलू मग सोमवारी."

त्याने काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. द्वारपालाने विचारलं, नक्की ना? निलेशने एंटर दाबलं.

चहा यायच्या आत श्रुतिका फोन घेऊन आली. "सर, तुम्ही धम्मपालला काढून टाकलंत?"

"नाही गं. फक्त प्रवेश बंद केला."

"मला मेल आलाय. सगळ्या सोसायट्यांना गेलाय, सभासदांसकट." तिने वाचलं. "'सदर व्यक्तीचा आमच्या संस्थेशी यापुढे कोणताही संबंध राहिलेला नाही. सदर व्यक्तीशी व्यवहार केल्यास जबाबदारी आपली राहील.'"

हा मजकूर निलेशनेच लिहिला होता, द्वारपाल नवा होता तेव्हा. पूर्वी एक पोरगा परस्पर पैसे खाऊन पळाला होता, त्याच्यासाठी. नंतर तो विसरून गेला. द्वारपाल विसरला नाही.

बंद पोर्टल एका ओळीत परत येतं. गेलेला मेल परत आणायची ओळ नसते.

टेबलावरचा फोन वाजला. भाऊराव होते, आणि आवाजात सकाळचा कडकपणा औषधालाही नव्हता. "मिळालं नाव. झकास काम केलंत, परुळेकर. खरं सांगू? मला पहिल्यापासून वाटलंच होतं."

निलेशने फोन ठेवला. भाऊरावांना जे वाटलं होतं ते कशावरून वाटलं होतं, ते त्याला नीट माहीत होतं. त्यांच्याकडे नोंदी नव्हत्या, पासवर्ड नव्हता, रिकाम्या ओळी नव्हत्या. तरी ते नेमके त्याच नावावर पोचले होते, आणि त्याच्या आधी पोचले होते.

त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला.

५

लांबून कुणी लॅपटॉपमध्ये शिरलं की त्याची वेगळी नोंद होते. ही नोंद पाहायला एक मिनिट लागतं. सकाळपासून ते एक मिनिट निलेशला मिळालं नव्हतं. खरं तर गरज वाटली नव्हती. आता पाहिलं. बुधवारी लांबून कुणीही शिरलं नव्हतं.

मग उरल्या रिकाम्या ओळी. त्याच्या खिडकीत प्रत्येक ओळीपुढे वेळ उमटत असे. त्याने वेळा वाचत नेल्या. आबोली बंद झाली ती आरतीच्या सुरुवातीला. त्यानंतर रिकाम्या ओळी सुरू, आणि त्या थेट आरती संपेपर्यंत चालू, सगळ्या एकसारख्या अंतराने. पुरावा ढकलायला आलेला माणूस चार-दोन डझन वेळा एंटर मारेल आणि पळेल. अख्खी आरतीभर मारत बसणार नाही. शिवाय माणसाचं बोट दमतं, मध्येच नाक खाजवतं. हे बोट दमलं नव्हतं. ते नुसतं वजन होतं.

"श्रुतिका, तो व्हिडिओ दाखव."

व्हिडिओत चौरंग होता, तांब्या होता, तांब्यावर नारळ. सुलक्षणाताई तबक उचलतात, तांब्या कलतो, नारळ सुटतो. एक हात चपळाईने पुढे येतो, नारळ झेलतो आणि पुन्हा घरंगळू नये म्हणून लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात, पडद्याला टेकवून घट्ट बसवतो. थेट कुंकू लावलेल्या बटणावर. मग तोच हात मागे जाऊन टाळ्या वाजवू लागतो. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. ते घड्याळ या क्षणी व्हिडिओ पाहणाऱ्या मनगटावरही होतं.

पुढचं कोडं नव्हतंच. बंद करायच्या सोसायट्यांची यादी उघडी होती. निलेशला यशोधन हवी होती, ती तळाला. बाण खाली न्यायच्या आत हाक आली. नारळाने एंटर दाबलं, यादीतली पहिली सोसायटी निवडली गेली. द्वारपालाने विचारलं, नक्की ना? नारळ अजून बटणावरच होता. नेमकी आबोलीच का? कारण ती 'आ'ने सुरू होते.

"तुम्हाला तेच सांगत होत्या ना ताई?" श्रुतिकाने विचारलं.

आरतीनंतर तो नारळ फोडला होता. शस्त्राचा धनी म्हणून खोबऱ्याचा मोठा तुकडा निलेशला मिळाला होता.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नारळाचं नाव मी भाऊरावांना कसं सांगू, परुळेकर? देवीचा नारळ. लोक काय म्हणतील? आणि आता त्यांना नाव मिळालंय, ते खूश आहेत. सभा होऊन जाऊ दे. सोमवारी धम्मपालला गुपचूप परत जोड. एका ओळीचं तर काम."

निलेश गप्प राहिला. या गप्प राहण्याचा त्याला सराव होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मागे प्रचंड गर्दीचा आवाज, आणि त्यातून धम्मपाल.

"अरे, चार्जिंग संपलं होतं, आत्ता लागला फोन. बाबांना कसला मेल आलाय बघ ना, यार. मानखुर्दच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच आलाय. ते विचारतायत, तू काय केलंस. काय केलं मी?"

"काही नाही," निलेश म्हणाला. "तू काही केलं नाहीस."

"मग?"

"तू आरतीला नव्हतास."



"मी कधीच नसतो," धम्मपाल म्हणाला. "आणि रजा टाकली होती रे मी. तू मंजूर केलीस. वर शुभेच्छा पण दिल्यास."

त्या द्वारपालाने दिल्या होत्या. हे सांगणं निलेशला शुभेच्छा न देण्यापेक्षा वाईट वाटलं. त्याने सांगितलं नाही.

६

रविवारी तो न बोलावता आबोलीच्या सभेला गेला. तळमजल्यावर, दुचाकींच्या मधे, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊराव 'सदर इसम' असं म्हणून सुरुवात करणार, इतक्यात निलेश उभा राहिला.

"धम्मपालचा काही संबंध नाही. पोर्टल माझ्यामुळे बंद झालं. मी नारळ चुकीच्या जागी ठेवला. आणि त्याचं नाव मी चौकशी न करता घेतलं."

"कसला नारळ?" मागून एका आजींनी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. लोक हसले. एकाने पाणीवाला होता की सुका असं विचारलं. भाऊराव हसले नाहीत. "तांत्रिक बाबी झाल्या असतील तर पुढचा विषय घेऊ," ते म्हणाले. "पार्किंग." पुढे पार्किंगवर संध्याकाळपर्यंत भांडण झालं. निलेश मध्येच उठून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आबोली सोडून बाकी सगळ्यांना खुलाशाचे मेल त्याने आदल्या दिवशीच लिहिले होते. द्वारपालात स्वागताचा मजकूर होता, निरोपाचा होता, वाढदिवसाचा होता. माफीचा नव्हता, तो लागेल असं बनवताना वाटलं नव्हतं. म्हणून सोसायटीमागून सोसायटी, हाताने. श्रुतिका शेजारी बसून चुका काढत होती. "'गैरसमज झाला' असं नका लिहू, सर," ती म्हणाली. "गैरसमज आपोआप होतो. 'मी आरोप केला' लिहा." त्याने तसं लिहिलं.

मानखुर्दला मात्र मेल पुरणार नव्हता.

दार धम्मपालनेच उघडलं. तो सकाळीच परतला होता. आत त्याचे वडील धोंडिराम खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. टेबलावर संत्रा बर्फीचा डबा होता. त्यावर 'ऑफिस' असं लिहिलं होतं. डबा अजून फोडलेला नव्हता.

"बस," धोंडिराम म्हणाले. "खुलासा वाचला तुमचा. मशीनचं असतं तसं. कधी कधी होतं."

त्यांनी ही पळवाट खुर्ची पुढे सरकवावी तशी सरकवली होती. बसलं की झालं.

"मशीनचं नव्हतं, काका," निलेश म्हणाला. "आबोलीचं पोर्टल नारळाने बंद केलं. याचं नाव मी घेतलं."

"नारळाचं समजलं मला," धम्मपाल म्हणाला. "नारळ ठेवला तिथे बसला. पण तू पाच वर्षं शेजारी बसतोस रे. माझा फोन लागला नाही तर थांबायचंस. दोन दिवस."



"सोमवारी येशील?" निलेशने विचारलं.

"येणार. या घराचे हप्ते आहेत." धम्मपालने बर्फीचा डबा उचलून फडताळात ठेवला. "भाजी मात्र आता आपापली."

चहा आला. धोंडिरामांनी फोन चार्जिंगला लावला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मी रोज सकाळी उघडायचो तुमचं ते पोर्टल. त्यातलं कळायचं नाही मला काही. पण खाली याचं नाव असायचं ना, ते बघायचो. शेजारच्यांना दाखवायचो. आता राहू दे."

निलेशने चहा संपवला. जिना उतरताना त्याने हिशेब केला नाही. तो आपोआप झाला.

सोमवारी सकाळी द्वारपालाचा अहवाल वेळेवर आला. सगळी पोर्टलं व्यवस्थित चालू होती. कालच्या भेटी: शून्य.